मबरूकाचा भुरका

रौधाने दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या मेजावर चित्रं काढून चार मिनिटांचा सिनेमा केला होता. जेवताना कसं वागावं हे मुलांना हसत हसत कळावं, एवढाच हेतू. त्यासाठी तिने उभा केला बू किर्श, म्हणजे ढेरपोट्या. तो तोंड उघडं ठेवून चावायचा, सगळ्यांच्या सामाईक थाळीतल्या, सांज्यासारख्या कुसकुसात चमच्याने बोगदा खणून शेजाऱ्याच्या वाट्याचं मटण पळवायचा, आणि शेवटी चोर्ब्याचा असा भुरका मारायचा की रश्शापाठोपाठ मेजावरचं कापड, बशा आणि समोरची आत्या त्याच्या तोंडात ओढली जायची.

बू किर्श बोलत नसे. त्याचे सगळे आवाज रौधाच्या सासूचे, मबरूकाचे होते. तिचा भुरका आमच्या स्फाक्स शहरातल्या त्यांच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक. वीस वर्षं रौधाने त्यावरून नाक मुरडलं, पाहुण्यांसमोर सासूला डोळ्यांनी दटावलं. सिनेमाच्या वेळी मात्र तिने सासूपुढे माइक धरला, आणि म्हातारीने खुशीत सगळं करून दिलं. शेवटचा मोठा भुरका तेवढा राहिला.

तशात मबरूकाची धाकटी बहीण सालहा गेली. दोघी रोज दुपारी समोरासमोर बसून जेवत. चाळिसावा दिवस झाला तरी मबरूका अन्नाला शिवेना. डॉक्टर म्हणाले, गिळायला काही अडचण नाही. मुलाने, लसादने, विनवण्या केल्या, रागावून पाहिलं. तिच्या गालांची हाडं वर आली. सिनेमा सोमवारी महोत्सवाला द्यायचा होता, आणि शनिवारी रौधाला कळेना की आपण नक्की कशासाठी रडतोय.

त्या दुपारी तिने भरपूर लिंबू पिळून चोर्बा केला आणि माइक पावाच्या फडक्याखाली लपवला. मबरूकाला वायर दिसली.

"मी जेवलेलं हवंय तुला, की भुरका हवाय?"

रौधाला खोटं बोलवेना. "दोन्ही, उम्मी." तिने उघडपणे हेडफोन चढवले.

मबरूकाने चमचा उचलला. टोकाला आला तेवढाच रस्सा घेतला, ओठ मिटून गिळला, रुमालाने तोंड टिपलं. असे तीन चमचे. जरासुद्धा आवाज नाही. वीस वर्षं रौधाला जसं हवं होतं, अगदी तसं. परक्याच्या घरी आल्यासारखं. रौधाने हेडफोन काढून ठेवले. माइक तसाच चालू राहिला.

"उम्मी, नेहमीसारखं खा ना."

"जमत नाही, पोरी. सालहा मला खिजवायला आधी भुरका मारायची. मग माझा निघायचा."

रौधा सालहाच्या जागी जाऊन बसली, वाडगा ओढला आणि भुरका मारला. रस्सा नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं. तिने पुन्हा मारला. पुन्हा ठसका.

"चमचा ओठांपासून लांब धर," मबरूका म्हणाली. "आणि लाजू नकोस. लाजलीस की ठसका लागतो."

अकराव्या वेळी म्हातारीने मान हलवली. चालेल म्हणाली, पण सालहाची सर नाही. सिनेमात रौधाचा तोच भुरका गेला.

महोत्सवात त्या जागी मुलं खुर्च्यांवरून घसरेस्तोवर हसली, असं लसादने येऊन सांगितलं. रौधा गेली नव्हती. ती मबरूकाच्या जेवणाची वेळ होती. म्हातारी आता अर्धा वाडगा संपवते, ओठ मिटून, आवाज न करता. समोर बसून रौधा भुरके मारते, आणि वाट बघते.