काजं, बटणं आणि दहा विधानं

विधान १. व्यसन लागणं म्हणजे मनाचा कमकुवतपणा. (चूक / बरोबर)

एकतीस जणांनी 'चूक'वर खूण केली. एकीने 'बरोबर'वर.

मॅडमनी गठ्ठा दुसऱ्यांदा चाळला. बत्तीस शिक्षक, सकाळचे सव्वादहा, व्यसन आणि मेंदू या प्रशिक्षणाचा एक शब्द अजून कानावर पडलेला नाही, आणि एकतीस जणांना दहापैकी दहा. आठ वर्षं उंदरांच्या मेंदूत डोकं घालून मॅडमना जे उमगलं होतं, ते या मंडळींना पहिल्या चहाच्या आधीच पाठ होतं.

"याला मार्क नाहीत," असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. "तुम्हाला काय येत नाही, तेवढंच बघायचंय. बिनधास्त चुका."

पण जन्मभर दुसऱ्याच्या चुकांवर लाल रेघ ओढणाऱ्याला स्वतः चुकायला सांगायचं म्हणजे माशाला कोरडं राहायला सांगायचं.

आणि यातच सगळं अडकलं होतं. प्रशिक्षण केंद्राच्या साहेबांनी स्वच्छ बजावलं होतं, "चाचणी आधी, चाचणी नंतर, मधला फरक. तीस टक्के वाढ दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षापासून तुमचं प्रशिक्षण बंद आणि ही खोली संगणकवाल्यांना." आता शंभराच्या वर वाढणार कुठे? छत फोडून?

मॅडम उठून पहिल्या बाकापाशी गेल्या. तिथे जीवशास्त्राचे एक भारदस्त सर बसले होते. बाकीचे त्यांना मुकादम म्हणत, कारण कोणी कुठे बसायचं ते हेच ठरवत.

"सर, मागच्या तुकडीतल्या तुमच्या मित्राने उत्तरं पाठवली का हो?"

"मित्र कसला मॅडम, मेहुणा आहे माझा."

खोली खो खो हसली.

विधान २. डोपामिन म्हणजे आनंद. (चूक / बरोबर)

चूक. डोपामिनचं काम मुख्यतः ओढ लावायचं. मॅडमनी फळ्यावर उंदीर काढला, दिवा काढला, साखरेचा थेंब काढला. सुरुवातीला थेंब मिळाला की मेंदूतल्या पेशी चेकाळतात. काही दिवसांनी नुसता दिवा लागला तरी चेकाळतात. उंदीर दिव्याकडेच धावतो.

माना डोलल्या. वह्यांत उंदीर उतरले. एका सरांनी शेपटीला सावलीही दिली.

"मॅडम, हे किती मार्कांना येईल?" मुकादमांनी विचारलं.

"येणार नाही. मुलांना समजावं म्हणून आहे."

"मग अवघड आहे."

"आमच्याकडे कवटी काढतात," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "मोठ्ठी कवटी, खाली दोन हाडं. पालकसभेला दारात लावतो. छान दिसते."

"आणि खरं सांगू का मॅडम," मुकादमांनी हात झटकला, "विधान एकला आम्ही 'चूक' लिहिलं, ते ठीक आहे. पण ज्याच्यात दम नसतो तोच वाहवत जातो. ते काय कोणाला ठाऊक नाही?"

म्हणजे हातातलं पेन एक म्हणत होतं आणि तोंड दुसरंच. मॅडमना वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी घालणं बरं, निदान घडा तरी धुतला जातो.

विधान ३, ४, ५.

जेवणाच्या सुट्टीत गेली.

विधान ६. डोपामिन झेलणाऱ्या जागा अमली पदार्थांच्या सततच्या माऱ्याने वाढतात. (चूक / बरोबर)

चूक. कमी होतात. हे दाखवायला मॅडमनी कागदी पेले आणि स्पंजचे गोळे आणले होते. पेले म्हणजे झेलणाऱ्या जागा, गोळे म्हणजे डोपामिन. पाच गटांपैकी तीन गट गोळ्यांच्या रंगावरून भांडले, चौथ्याने पेल्यांत चहा ओतून घेतला.

पाचव्या गटात एकच बाई होत्या. शेवटच्या बाकावर, एकट्या. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचा पाय मोडला म्हणून मुख्याध्यापकांनी शिवणाच्या बाईंना धाडलं होतं. मुकादमांच्या मेहुण्याची उत्तरं त्यांच्या बाकापर्यंत पोचलीच नव्हती. शिवणवाल्या बाईला मेंदूची उत्तरं देऊन काय करायचं? सकाळी दहापैकी दोन मिळाले होते ते त्यांनाच. विधान एकला 'बरोबर'ही त्यांचंच.

"मॅडम, हे पेल्यांचं मला कळेना. काज आणि बटण म्हटलं तर चालेल?"

"चालेल की."

"म्हणजे बटणांचा पूर आला, तर मेंदू काय करतो?"

"काही काजं शिवून टाकतो."

"आणि पूर थांबल्यावर? रोजची चार बटणं येतात, ती?"

"त्यांना लागायला काजंच कमी उरलेली असतात. उसवायला महिनेच्या महिने लागतात. कधी त्याहून जास्त."

बाईंच्या हातातला गोळा चेपला गेला तो चेपलेलाच राहिला. "माझा धाकटा भाऊ सहा महिने सुधारला होता," त्या हळूच म्हणाल्या. "घरात नुसता बसायचा. आवडीचं काही केलं तरी म्हणायचा, ताई, चवच लागत नाही. मला वाटायचं, नाटकं. मग एकदा जुन्या बसथांब्यावर उतरला आणि परत सुरू. मी त्याला घराबाहेर काढलं. सव्वा वर्ष झालं."

मॅडमना काहीतरी बोलायचं होतं. तेवढ्यात मुकादम ओरडले, "मॅडम, हजेरीची सही आत्ता की जाताना?"

विधान ७.

दुसऱ्या दिवशी शिवणाच्या बाईंनी पिशवीतून एक कापडाची पट्टी काढली. दहा काजं. सहा घट्ट शिवलेली, चार उघडी. शिवलेल्यांपैकी एकाचा फक्त एकच टाका उसवलेला. सोबत डबीभर बटणं.

मॅडम ती पट्टी बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. तीन वर्षं ज्या चित्रासाठी त्या झगडत होत्या, ते इथे चार इंच कापडात होतं.

विधान ८, ९, १०. आणि पुन्हा १.

शेवटच्या चाचणीत विधानं तीच, क्रम वेगळा. हे मॅडमनी मुद्दाम केलं नव्हतं, नेहमीची पद्धत होती. मेहुण्याने मात्र विधानं पाठवली नव्हतीच. त्याने पाठवली होती माळ: चूक, चूक, बरोबर, चूक, बरोबर. एकतीस जणांनी कालचीच माळ जशीच्या तशी ओवली.

चहाच्या सुट्टीत मॅडमनी गठ्ठा तपासला. एकतीस जणांना चार. सगळ्यांना तेच चार. एकीला आठ.

समारोपाला मॅडम खोलीत आल्या ते गठ्ठा आपटतच. "कोणीच वाचलं नाही? एकानेही? ज्याला मार्क नाहीत, ज्याचा निकाल कुठे लागणार नाही, त्याचीसुद्धा नक्कल? का पण?"

मुकादमांचे कान लाल झाले.

"मॅडम, खोटं नाही बोलत," ते म्हणाले. "ठरवून नाही केलं. चाचणीचा कागद समोर आला की हात आपोआप जातो. वर्षानुवर्षांची सवय. थांबवायचं सुचतसुद्धा नाही."

"कागद दिसला की?" मागून आवाज आला.

शिवणाच्या बाई उभ्या राहिल्या होत्या.

"हो."

"माझ्या भावाला बसथांबा दिसला," बाई म्हणाल्या. "काल तुम्ही म्हणालात, ज्याच्यात दम नसतो तो वाहवतो. मग सर, तुमच्यात दम किती?"

मुकादमांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. कवटीवाल्या बाईंनी कालचा उंदीर उघडला आणि दिव्याखाली काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मॅडमना दिसलं नाही, पण दोन दिवसांत कोणी न सांगता लिहिलेलं ते पहिलंच वाक्य होतं.

मग गाड्यांच्या वेळा झाल्या आणि खोली रिकामी झाली.

अहवाल.

साहेबांनी दोन्ही गठ्ठे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "तुम्ही शिकवलंत आणि हे अडाणी झाले?"

"साहेब, खोलीत जे झालं ते यात नाही."

"खोलीत काय झालं ते वर कोण वाचणार? आकडा वाचतात." साहेबांनी आवाज उतरवला. "गठ्ठ्यांवर नुसत्या दोन चिठ्ठ्या आहेत ना? 'आधी' आणि 'नंतर'. अदलाबदल करा. कोणाच्या बापाला कळणार नाही. छप्पन्न टक्के वाढ! तुमचं प्रशिक्षण वाचतं, माझी डोकेदुखी वाचते."

मॅडमचा हात निघालासुद्धा. रबराखालची चिठ्ठी अर्धी बाहेर आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

वरचा कागद शिवणाच्या बाईंचा होता. चिठ्ठ्या बदलल्या तर त्या आठावरून दोनावर येणार होत्या. बत्तिसांत एकच शिकली, आणि कागदोपत्री तीच एकटी मागे जाणार होती.

दारावर टकटक झाली. त्याच होत्या, खांद्याला पिशवी.

"मॅडम, माझी पट्टी राहिली."

"अहवालाला जोडू म्हणत होते मी. द्याल?"

"नको. घरी न्यायचीय." बाईंनी टेबलावरची पट्टी उचलून घडी घातली. "घरी म्हणजे, तो राहतो तिथे. त्याला दाखवेन म्हणते. दार उघडलं तर."

त्या गेल्या. टेबलावर एक निळं बटण तेवढं राहिलं.

मॅडमनी चिठ्ठी होती तिथेच परत सरकवली.

"मग लिहू काय?" साहेबांनी पेन उघडलं.

"छप्पन्न."

"शाब्बास!"

"उणे."

"उणे?"

"उणे छप्पन्न, साहेब. आणि संगणकवाल्यांना सांगा, खोली मोजायला येताना स्वतःची पट्टी आणा म्हणावं. माझी गेली."