चव बघणाऱ्या चमच्याचे पथ्य

मित्रांनो, देवाने मला जीभ दिली नाही, पण पंचवीस वर्षे मी एका जिभेची चाकरी केली. मी एक जुना, लांब दांड्याचा चमचा आहे. कारागिराने मला ठोकून घडवले आणि मी खानावळीतल्या एका आचाऱ्याच्या हाती आलो. घरी काय, खानावळीत काय, माझ्यातून त्यांनी चव बघितल्याशिवाय भांडे चुलीवरून उतरत नसे. भारी मिरवायचो मी!

मग आचाऱ्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावले, "ताप गेला, पण आतड्यातल्या जखमा अजून ओल्या आहेत. मऊ भात, कुस्करलेला बटाटा, पिकलेलं केळं, उकळून गार केलेलं पाणी. थोडं थोडं, पण सहा वेळा. गोळ्या संपेपर्यंत घ्या. आणि तिखट-तळकट खाल तर गाठ माझ्याशी आहे!"

ताटात सारे मऊच येई. तरी चौथ्या दिवशी पोट दुखू लागले.

"अहो, चोरून काय खाल्लंत?" बायको रडकुंडीला आली.

"तुझी शपथ, काही नाही!"

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिले आणि विचारले, "घरात कालवणाची चव कोण बघतं?"

"हेच की! मीच चमचा पुढे..." बायकोने कपाळावर हात मारला. चव बघणे म्हणजेही खाणे, हे त्या घरात कुणाच्या ध्यानातच आले नव्हते. तिखटजाळ रस्सा त्या पोटात नेणारा मीच होतो, मित्रांनो!

"आतड्याला भोक पडलं तर जिवावर बेतेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बायकोने मला खळखळत्या पाण्यात उकळले. "आजपासून तू फक्त यांच्या मऊ भाताचा."

"हे तान्ह्या बाळाचं जेवण आहे," आचारी कुरकुरले.

"मग बाळासारखं मुकाट्याने गिळा!"

घरात कालवण कधी खारट, कधी अळणी होई. आचाऱ्यांच्या आई पाणी पीत पीत जेवत, पण "चव बघ" असे लेकाला म्हणत नसत.

एके दिवशी खानावळीचे मालक रश्श्याचा डबा घेऊन आले. "गिऱ्हाईक नाक मुरडतंय रे. एक थेंब बघ फक्त."

वास घरभर पसरला. आचाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. हात पुढे गेला, थबकला आणि मऊ भातात उभ्या असलेल्या माझ्यावर आला. "मालक, सध्या तुमच्याच जिभेवर भागवा."

महिन्याभराने तपासण्यांत जंतू सापडले नाहीत, तेव्हाच ते कामावर गेले.

मित्रांनो, आजारातून उठणाऱ्या माणसाला पाहून घरच्यांची माया उतू जाते. ती जरूर वाढा. पण आधी मऊ शिजवा आणि चमचा-चमचाच वाढा.