दहा फुटी कोंबडा

अपेक्षा बारा वर्षं टीव्हीवर जनावरं दाखवत होती. नाग झाले, बिबटे झाले, मगरीही झाल्या. आता वाहिनीला लाखो वर्षांपूर्वीच्या खुनशी जनावरांवर कार्यक्रम करायचा होता. नमुन्याचा एक प्रसंग आज संध्याकाळपर्यंत मुंबईला पोचायला हवा. आवडला तर कार्यक्रम तिचा, नाहीतर दुसरी कुणीतरी तयारच होती. अपेक्षाला तो कार्यक्रम जिवापाड हवा होता.

गारखेड्यातल्या भाड्याच्या हॉलमध्ये हिरवा पडदा टांगला होता. जनावर म्हणजे दहा फूट उंचीचा मांसाहारी पक्षी. तो मागाहून कॉम्प्युटरवर उमटणार. तूर्त बांबूच्या टोकाला बांधलेला चेंडू म्हणजे त्याचे डोळे. बांबू धरणारा गडी ऐन वेळी तापाने पडला. नेमके तेव्हाच तिचे सासरे, बन्सीमामा, कन्नडहून कणसांची पिशवी घेऊन आले होते.

"आणा तो बांबू इकडं," मामा म्हणाले. पक्ष्याचं कागदावरचं चित्र पाहून त्यांनी मान हलवली. "म्हंजे कोंबडाच की!"

इथंच माशी शिंकली. अपेक्षाने हातातली फांदी उगारून त्या चेंडूवर ओरडायचं होतं. पण चेंडूखाली मामांचा चेहरा! सासऱ्यांसमोर तिचा आवाज कधी चढला नव्हता. ती डोक्यावर पदर नसताना पदर सावरू लागली. सहा वेळा चित्रीकरण झालं, सहाही वेळा फुकट गेलं.

"ताई," दिग्दर्शक शंतनू कळवळून म्हणाला, "तो तुम्हाला खायला आलाय. तुम्ही त्याला चहा विचारताय!"

मामांच्या सगळं ध्यानात आलं. त्यांनी उरलेलं हिरवं कापड डोक्यापासून पायापर्यंत पांघरलं आणि बांबू घेऊन थेट तिच्या अंगावर चालून गेले.

"बास झालं टीव्हीचं खूळ!" कापडाआडून आवाज आला. "उद्यापासून घरी बसायचं!"

अपेक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाही बसणार! बारा वर्षं चिखलात लोळलेय मी! एक पाऊल पुढं टाकलंस तर खबरदार!" तिने फांदी अशी हाणली, की चेंडू उडून खिडकीवर आदळला.

"कट! झकास!" शंतनूने टाळीच वाजवली.

अपेक्षाचा चेहरा उतरला. आपण कुणाला बोललो? तेवढ्यात कापड बाजूला करून मामा घामाघूम बाहेर आले. हसून हसून त्यांना धाप लागली होती.

"मुद्दाम खोड काढली, पोरी. मनावर घिऊ नकू."

"मामा, मी तुम्हाला अरेतुरे..."

"त्यात काय? पर खरं सांगू का, मगरीच्या भागात तू याहून जोरात वरडली हुतीस. तीनदा बघितलाय म्या."

अपेक्षा बघतच राहिली. मामांनी तिच्या कामाबद्दल आजवर बरं-वाईट काहीच म्हटलं नव्हतं. तिला रडू आलं आणि हसूही. तिने फांदी पुन्हा उचलली.

"शंतनू, कॅमेरा लाव. मगरीपेक्षा जोरात घेऊ."