कडेला सोडलेली जागा

वहिनींनी काळं कापड दोन्ही हातांनी झटकलं आणि उघड्या लॅपटॉपवर अलगद पांघरलं. खिडकीचा पडदा आधीच ओढून झाला होता. दाराखालच्या फटीतून उजेडाची एक तिरीप आत येत होती. मग त्या बाहेर आल्या, दार लावून घेतलं आणि फटीशी पायपुसणं सरकवलं. आत काम चालू असलं की दार बंद ठेवायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

लेक सकाळीच आठ दिवसांसाठी परगावी कामाला गेली होती. जाताना तीनतीनदा बजावून गेली होती.

"आई, झाकण मिटायचं नाही. मिटलं की झोपतो तो. आणि वायर काढायची नाही, बॅटरी पार गेलीय त्याची."

"माझ्या गुडघ्यांसारखी."

"तुझे गुडघे कुरकुरत का होईना, चालतात. हा जागच्या जागी मरतो."

"आणि आठ दिवस जागा राहून करणार काय तो?"

लेकीने पुन्हा एकदा समजावून सांगितलं. वडिलांच्या फोटो स्टुडिओतल्या सगळ्या निगेटिव्ह तिने वर्षभर खपून स्कॅन केल्या होत्या. बावीस हजारांच्या वर भरल्या. आता लॅपटॉपमधलं एआय न थांबता एकेक फोटो बघणार, चेहरे ओळखणार आणि एकेका माणसाचे फोटो वेगळे लावणार. म्हणजे ज्याचे त्याला परत देता येतील.

"माझा सापडला तर सांग," वहिनी म्हणाल्या होत्या. लेक हसली होती, पण वहिनी हसल्या नव्हत्या.

त्यांना वहिनी हे नाव स्टुडिओनेच दिलं होतं. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठं गिऱ्हाईकसुद्धा आत येताना "वहिनी, आहेत का फोटोवाले?" असंच विचारायचं. बत्तीस वर्षं त्या स्टुडिओत उभ्या राहिल्या. चंदेरी कागद डकवलेला मोठा पुठ्ठा धरून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर उजेड पाडायचा, रडणाऱ्या पोरापुढे खुळखुळा वाजवायचा, कुणाची कॉलर, कुणाची बट सारखी करायची, ही सगळी त्यांची कामं. आणि घरात त्यांचा फोटो म्हणाल तर एकच, लग्नातला. तो दुसऱ्याच कुणी काढलेला आणि त्यात मान खाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकदा त्यांनी विचारलंही होतं, माझा कधी काढणार म्हणून. "काढू की," म्हणून फोटोवाले रीळ भरायला लागले. पुन्हा विचारायला वहिनींचा स्वाभिमान आड आला. ते जाऊन चार वर्षं झाली, पण ते दुखणं काही गेलं नव्हतं. ह्या माणसाने अख्ख्या जगाकडे निरखून पाहिलं, आपल्याकडे कधी पाहिलं का, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

दुपारी दोन वाजता त्यांनी दार किलकिलं करून आत शिरून कापडाचं टोक उचलून पाहिलं. लॅपटॉप तव्यासारखा तापला होता आणि त्याचा पडदा काळा ठिक्कर. त्यांनी लेकीला फोन लावला.

"मी झाकण नाही मिटलं गं! वायरही तशीच आहे. नुसतं काळं कापड घातलं वरून."

"कापड? कशाला?"

"उजेड लागला असता ना फोटोंना."

पलीकडे लेक आधी खो खो हसली. मग तिचा आवाज खाली आला.

"अगं आई, ते केव्हाच धुऊन झालेत. बाबांनीच धुतलेत. आता त्यांना उजेडाची भीती नाही."

"मग गेलं सगळं?"

"काही गेलं नाही. गुदमरून बंद पडलाय नुसता. कापड काढ, खिडकी उघड, गार झाला की बटण दाब. थांबला तिथून पुढे चालू लागेल."

वहिनींनी टेबलफॅन आणून त्याच्या तोंडाशी लावला. बटण दाबल्यावर आतून बारीकशी घरघर सुरू झाली आणि पडद्यावर आकडा सरकू लागला, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

त्यानंतरचे दिवस त्यांनी त्या खोलीतच काढले. भाजी निवडायला तिथे, चहा तिथे. ती घरघर ऐकताना त्यांना स्टुडिओमागची अंधारी खोली आठवायची. फोटोवाले आत शिरले की तासन्‌तास बाहेर यायचे नाहीत. आतून पाण्याचा आवाज यायचा, मधूनच पुटपुटणं. ह्या बाहेर चहा घेऊन उभ्या.

"झालं का?"

"अजून थोडं."

चहावर साय धरायची. चार फोटो धुवायला माणसाला एवढा वेळ लागतो का, म्हणून त्या करवादायच्या. आज तेच उभं राहणं त्यांना हवंहवंसं वाटत होतं.

आठव्या दिवशी लेक आली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून लॅपटॉपपुढे बसली.

"झालं की सगळं! शाबास, आई." तिने यादी उघडली. "सगळ्यात मोठा गठ्ठा कुणाचा बघू... तीन हजार एकशे बारा? एका माणसाचे? काहीतरी चुकलंय."

गठ्ठा उघडून ती पडद्याजवळ वाकली.

पहिल्या फोटोत एक वकील कोट घालून बसले होते. डावीकडे अगदी कडेला चंदेरी पुठ्ठा आणि त्यामागे अर्धा गाल. पुढच्यात एक बाळ, आणि खुळखुळा धरलेली, हसणारी बाई.

"बाबा मधलं तेवढंच कापून गिऱ्हाइकाला द्यायचे," लेक हळूच म्हणाली. "निगेटिव्हमध्ये सगळं राहिलंय."

ती पुढे सरकत गेली. वर्षं उलटत होती तशी डावीकडची जागा वाढत होती. अर्ध्या गालाचा पूर्ण चेहरा झाला, मग पदर खोचलेली अख्खी बाई. गिऱ्हाईक बिचारं उजवीकडे सरकत सरकत पार फोटोच्या कडेला टेकलं होतं. एका फोटोत तर नवरानवरी कोपऱ्यात होते, आणि मधोमध वहिनी, पुठ्ठा कमरेला टेकवून कपाळावरचा घाम पुसताना.

"आई, बाबांचा हात असा चुकणारा नव्हता गं."

वहिनींना स्वतःचाच आवाज आठवला. एवढी रिकामी भिंत कशाला घेता, फिल्म काय झाडाला लागते? आणि कॅमेऱ्यामागून आलेलं उत्तर, "असू दे. कापता येतं नंतर."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. लेकीने उठून त्यांना जागा करून दिली, पुढचा फोटो कसा आणायचा ते बोटाने दाखवलं आणि चहा ठेवायला गेली.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून तिने हाक मारली.

"झालं का, आई? चहा निवतोय. लॅपटॉप बंद करू आता?"

वहिनींनी पदराने डोळे पुसले.

"अजून थोडं."