रिकामी असेल तर

पिवळ्या चिकटपट्टीचा डावा कोपरा सुटून वर आला होता आणि पंख्याच्या वाऱ्यानं थरथरत होता. डार्लीननं तो अंगठ्यानं दाबला, तो बसला. अंगठा काढला, तो पुन्हा उठला. पट्टीवर ऑर्विलचं ठेंगणं, मागे झुकलेलं अक्षर : ‘बंद करण्याआधी ऑर्विलला सांगा.’ शाई विटून तपकिरी झालेली. मधल्या वर्षांत सर्व्हर दोनदा बदलला, पण दर वेळी ऑर्विलनं ही पट्टी नखानं हळूहळू सोडवून नव्या यंत्राच्या कपाळावर आणून लावली होती, आणि डार्लीन शेजारी कात्री घेऊन उभी असायची – कात्रीची गरज कधीच पडली नाही, तरी उभी असायची. आज चारच्या आत हे यंत्र बंद करायचं होतं, आणि ज्याला सांगायचं तो अकरा महिन्यांपूर्वी कर्लिंगच्या खेळात बर्फावर दगड सोडता सोडता खाली बसला होता, तो उठलाच नव्हता.

सकाळी साडेपाचला ती आली तेव्हा कॅनडातलं सॅस्काटून उणे एकतीसवर होतं. इंजिन गोठू नये म्हणून गाडीची तार विजेच्या खांबाला जोडून ती खोलीत शिरली, जुन्या यंत्राचं काम थांबवलं, त्यातला माहितीचा सगळा साठा नव्यावर चढवायला लावला आणि नवं सॉफ्टवेअर बसवायला घेतलं. कंपनीच्या सदतीस धान्यकोठ्या होत्या, प्रांतभर पसरलेल्या, आणि या सर्व्हरचं काम एवढंच की रोज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी प्रत्येक कोठीवाल्याला कळवायचं – काल ट्रक किती आले, गव्हात ओल किती, आगगाडीचे डबे कधी लागणार. रिपोर्ट ऑर्विलचे, यंत्र डार्लीनचं. एकोणीस वर्षं अशीच वाटणी होती. ती त्याच्या रिपोर्टांत कधी डोकावली नाही आणि त्यानं तिच्या यंत्राला कधी हात लावला नाही. शेजारच्या माणसाच्या फ्रीजमध्ये आपण डोकावत नाही, तसंच.

रिपोर्टाच्या मेलमध्ये मात्र वरती एक ओळ असायची. आकड्यांच्याही आधी. ‘आधी चहा, मग आकडे.’ सगळं ऑफिस कॉफीवर जगतं, चहा पिणारी डार्लीन एकटी. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑर्विल तिच्या टेबलाशी थांबून, तिच्या कपातल्या पिशवीकडे बघत, ‘बरोबर आहे तुझं – आधी चहा, मग आकडे,’ असं म्हणाला होता, आणि पुढे कधीतरी ही ओळ मेलमध्ये यायला लागली होती. तिनं त्याला विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. तो गेला तरी ओळ येत राहिली, त्याच्याच नावानं, कारण सर्व्हर त्याच्याच खात्यावर चालत होता – एका शुक्रवारी घाईघाईत, ‘तात्पुरतं माझंच नाव टाक, सोमवारी बदलू,’ असं म्हणून त्यानं आपला पासवर्ड दिला होता, आणि तो सोमवार काही उजाडला नाही. कंपनी सोडून गेलेल्यांची यादी दर तीन महिन्यांनी यायची, त्यांची खाती बंद करायला. ऑर्विलच्या नावापुढे डार्लीन लिहायची – ‘लागतं.’ दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची. खोटं कुठं होतं त्यात? लागतच होतं.

आठ वाजता फोन वाजला. टर्नबुलच्या कोठीवरचा गॉर्ड.

“काय गं डार्लीन, झोपली का तुझी मशीन? इथं ट्रकची रांग लागलीय आणि मी आंधळा बसलोय.”

“बदलतेय रे आज. चारपर्यंत होईल.”

“चारपर्यंत मी काय करू, गव्हाला गोष्टी सांगू? आणि ऑर्विलची ओळपण नाही आली आज. चुकल्याचुकल्यासारखं झालंय बघ.”

डार्लीनचा हात कळफलकावर थांबला.

“कुठली ओळ?”

“कुठली म्हणजे? वरची. ‘गॉर्ड, गुडघ्याला पट्टा बांध, मग जिना चढ.’ नऊ वर्षं बांधतोय मी त्या माणसाच्या धाकानं. मेला तरी सोडत नाही. का, तुला नाही येत?”

“येते की,” ती म्हणाली. “येते.”

फोन ठेवल्यावर तिनं स्वतःला समजावलं की यात काय एवढं. ऑर्विल चार माणसांत मिसळणारा होता. गॉर्डला एक ओळ, आणखी कुणाला एक, म्हणून आपली काही कमी होत नाही... पण कुठेतरी कमी झाली होती, हे तिला कबूल करावं लागलं. अकरा महिने आपण एकटीच ते जागतं ठेवतोय असं तिला वाटत होतं.

तेवढ्यात नव्या यंत्रावरचं काम अडलं. सॉफ्टवेअर नीट बसलं, हिरवी खूण आली, सेवा सुरू झाली – आणि तीस सेकंदांनी आपोआप बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तीस सेकंद. तिनं नेहमीची ठिकाणं धुंडाळली : पोर्टची वाट दुसऱ्या कुणी अडवलीय का, फायरवॉलच्या भिंतीनं रोखलंय का, साठ्याची किल्ली चुकलीय का. सगळं काढून टाकलं, पहिल्यापासून बसवलं. पुन्हा तीस सेकंद. दहा वाजले, साडेदहा वाजले, नाकी नऊ आले. काचेच्या दारातून ब्रेंट डोकावला. ब्रेंट तिचा साहेब, तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, वाईट माणूस नव्हे.

“होतंय ना?”

“होतंय.”

“नाही म्हणजे, कॅलगरीहून आलेला तो तपासनीस मला काय म्हणाला माहितीय? ‘मेलेल्या माणसाच्या नावावर तुमची यंत्रं चालतात?’ चारला ते खातं बंद होणार म्हणजे होणार, डार्लीन. मी शब्द दिलाय.”

“अरे, होतंय म्हटलं ना.”

ब्रेंट दारातच घुटमळला. त्याला आणखी काही बोलायचं होतं बहुतेक, पण ‘बटाटा भरलेले पेरोगी आणलेत, खाऊन घे वेळेवर’ एवढंच म्हणून तो गेला. हाच ब्रेंट ऑर्विलच्या अंत्यविधीच्या दिवशीही असाच दारात उभा होता, काळा कोट अंगावर, हातात गाडीची किल्ली. सगळं ऑफिस निघालं होतं, रोस्थर्नच्या चर्चमध्ये, तीन गाड्या भरून. ‘कुणीतरी सर्व्हरपाशी थांबायला हवं... तू थांबशील?’ असं त्यानं विचारलं, आणि ती म्हणाली – थांबते. का म्हणाले मी तसं? ऑर्विलची बायको पहिल्या बाकावर बसणार होती, मुली बसणार होत्या, कर्लिंगचे दोस्त पेटी उचलणार होते, आणि मी कोण म्हणून कुठे बसणार होते? शेजारच्या टेबलाची म्हणून काही जागा राखलेली नसते. म्हणून थांबले. दिवसभर या खुर्चीवर बसून दिवे बघत राहिले – काही बिघडलं असतं तर बरं झालं असतं, थांबल्याचं सार्थक झालं असतं. पण त्या दिवशी यंत्रानं हूं की चूं केलं नाही.

अकरा वाजता तिनं शेवटी नोंदवही उघडली – सॉफ्टवेअर स्वतःच्या तक्रारी लिहून ठेवतं ती. खरं तर सगळ्यात आधी तीच उघडायची असते, नव्या माणसांना ती स्वतःच हे शिकवायची. तीच ओळ चाळीस वेळा लिहिलेली होती : ऑर्विल फ्रीसन या नावाला इथं प्रवेश नाही. तिला कळेना. ऑर्विल इथं आला कुठून? नव्या सर्व्हरसाठी वेगळं, कुणाच्याही नावाचं नसलेलं खातं तिनंच गेल्या आठवड्यात काढून ठेवलं होतं... मग हळूहळू ध्यानात आलं. सॉफ्टवेअर बसवताना ते विचारतं – कुणाच्या नावानं चालू? तिच्या बोटांनी न विचारता टंकून टाकलं होतं. त्याचं नाव, त्याचा पासवर्ड. दोनदा बसवलं, दोन्हीदा. तपासनिसानं त्या नावाला नव्या यंत्रावर आधीच मज्जाव केला होता, आणि ती तीन तास भिंती आणि वाटा तपासत बसली होती. तिला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही.

खातं बदललं. सेवा सुरू झाली. तीस सेकंद गेले, साठ गेले, चालूच.

आता राहिलं सकाळचे मेल. त्यांचा मालक अजून ऑर्विलच होता; ते उघडून मालक बदलायचा आणि मिटायचं, एवढंच. न डोकावताही करता आलं असतं. पण गॉर्डचा गुडघा डोक्यातून जात नव्हता. पेरोगी गार झाले होते, तिनं ते तसेच बाजूला सारले आणि यादी उघडली.

एकेचाळीस नावं, शेजारी पत्ता, शेजारी ओळ. ‘गॉर्ड, गुडघ्याला पट्टा बांध.’ ‘नेस्टर, मुलीला फोन कर, आकडे पळून जात नाहीत.’ ‘आयव्ही, तुझी कोठी पुन्हा पहिली, ओठ मिटून हस.’ ‘ब्रेंट, श्वास घे.’ ब्रेंटलासुद्धा. ती खाली खाली जात राहिली आणि आपलं नाव जवळ येताना तिनं खुर्ची पुढे ओढली, बावन्न वर्षांच्या बाईला शोभणार नाही अशा घाईनं.

डार्लीन कोवाल. पत्ता. आणि पुढचा रकाना रिकामा.

तिनं रकाना टिचकवून पाहिला. खरंच रिकामा. मग ही ओळ येते कुठून? ती रिपोर्टाच्या सूत्रात होती. ऑर्विलनं साधंच लिहिलं होतं : ओळ असेल तर ती घाल, रिकामी असेल तर – ‘आधी चहा, मग आकडे.’ रिकामे रकाने यादीत तीन होते. एक कधीच सोडून गेलेल्या साहेबाचा, एक ‘चाचणी’ नावाचा खोटा पत्ता, आणि तिचा.

कुणी थोबाडीत मारली असती तर निदान गालाला हात लावता आला असता. नेस्टरच्या मुलीसाठी त्याच्यापाशी शब्द होते, आयव्हीच्या हसण्यासाठी होते, आणि चार फुटांवर बसणाऱ्या बाईसाठी – जिनं त्याचं नाव अकरा महिने जगवलं तिच्यासाठी – काही लिहायचं नसलं की जे जातं ते. चाचणीच्या पत्त्याला जातं तेच. एवढी वर्षं रोज सकाळी, डोळे नीट उघडायच्या आत, ती ते वाचत आली होती आणि मग पाणी उकळायला ठेवत आली होती... तिला स्वतःची लाज वाटली, मग राग आला, मग दोन्ही एकत्र.

पण कॉफी पिणाऱ्या ऑफिसात, काही सुचलं नाही तर माणूस ‘आधी चहा’ का लिहील? हा विचार दबकत दबकत आला आणि तिनं तो आधी हाकलला. पुन्हा आला. ही यादी नऊ वर्षांपूर्वीची. ओळ त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे आधी ही एकच ओळ असणार, आणि बाकीच्यांच्या नंतर, तिच्यावर चढत गेल्या असणार. आणि जिची होती तिच्यापुढे वेगळं काही लिहायची गरज त्याला... असेल. किंवा नसेल. किंवा त्याला फक्त शब्द आवडले असतील, माणूस नाही. पहिल्यांदा ही ओळ कुणाला गेली होती, ते सर्व्हरला विचारता आलं असतं. तिनं जुन्या पाठवणीचा इतिहास उघडायला घेतला आणि तिथं चौकट दिसली : ‘इतिहास ठेवा.’ खूण नव्हती. ती तिनंच काढली होती, जागा वाचवायला, सहा वर्षांपूर्वी. ऑर्विलला विचारलंही होतं. ‘काढ की,’ तो म्हणाला होता, ‘आपल्याला कशाला लागतोय?’

साडेतीनला तिनं मालक बदलला. ऑर्विलच्या जागी नाव नसलेलं खातं आलं. यादीतल्या अडतीस ओळींना तिनं हात लावला नाही. आपल्या रकान्यात मात्र कर्सरची काठी लुकलुकत राहिली. काहीही लिहिता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. तिनं ‘डार्लीन,’ एवढं लिहिलं. स्वल्पविरामापुढे तो काय म्हणाला असता हे तिला सुचेना, एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी बसून सुचेना. तिनं ते पुसलं आणि रकाना जसा होता तसा मिटला.

ब्रेंट आला तेव्हा चारला सहा मिनिटं होती.

“झालं?”

“झालं. गॉर्डला कळव, उद्यापासून येतील मेल.”

“ओळी-बिळी?” ब्रेंटनं जमिनीकडे बघत विचारलं. “म्हणजे... त्या येतील ना?”

“तुझी येईल,” ती म्हणाली. “श्वास घे.”

तो कानापर्यंत लाल झाला आणि गेला. दार लागल्यावर ती जुन्या यंत्रापाशी आली. पट्टीचा कोपरा अजून थरथरत होता. बटणावर बोट ठेवून तिनं काचेबाहेर कुणी नाही ना ते पाहिलं.

“ऑर्विल,” ती म्हणाली, “बंद करतेय.”

तिचा आवाज तिलाच कोरडा, जरा चिडका वाटला – तो आगगाडीचे डबे मोजायला विसरला की त्याच्याशी बोलायची तसा. अकरा महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली होती. तिनं बटण दाबलं. पंखा मंद होत होत थांबला, कोपरा निमूट खाली बसला, आणि खोलीत ही शांतता आधीही होती की काय, हे तिला आठवेना. उद्या सहा वाजून दहा मिनिटांनी काय येणार हे तिला अक्षर न् अक्षर माहीत होतं, कुठून येणार तेही माहीत होतं. तरी ती वाट बघणार होती. या वाट बघण्याचा तिला आता चक्क राग येत होता, त्याचाही येत होता, आणि राग घेऊनच ती कोटाची बटणं लावत तिथं उभी राहिली – थांब म्हणून कुणी सांगितलेलं नसताना.