डिकीत कोंडलेला बॅलन्स रॉड

मित्रांनो, मी मोटारीचा एक जुना दांडा आहे. तुम्ही मला कधी पाहिलं नसेल, कारण मला पाहायचं तर गाडीखाली पाठीवर झोपावं लागतं. कारखान्यात माझं नाव मोठं लांबलचक होतं. नाशिकच्या गॅरेजांत मात्र सगळे मला ‘बॅलन्स रॉड’ म्हणतात.

माझा जन्म भट्टीतला. मला लालबुंद तापवलं, माझी दोन्ही टोकं एकाच बाजूला वळवली आणि मग तेलात बुडवलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगात एक हट्ट भरला होता. मला कुणी कितीही पिळलं, तरी सोडल्याबरोबर मी पुन्हा होतो तसा होणार! हा हट्ट म्हणजेच माझं काम.

ते काम सांगतो. गाडी जोरात वळली की तिचं अंग एका बाजूला कलतं. मी पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा असतो. माझं एक टोक या चाकापाशी, दुसरं त्या चाकापाशी. गाडी कलायला लागली की मी पिळला जातो आणि माझ्या हट्टानं तिला पुन्हा सरळ खेचतो. दोन्ही चाकांचे हात मी धरून ठेवतो म्हणा ना. पण हात धरले की एकाचं दुखणं दुसऱ्यालाही कळतं. डावं चाक खड्ड्यात गेलं की त्याचा हिसका माझ्यातून उजवीकडे जायचा. माझ्या साऱ्या कहाणीचं मूळ या हिसक्यातच आहे.

१९९१ साली मला एका पांढऱ्या फियाटला बसवलं. ती गाडी नाशिकला इंदिरानगरात आली. तिचे मालक उपेंद्र एका कचेरीत नोकरीला होते. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांची एकुलती मुलगी तेजश्री तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. रविवारी तिघं कुठेतरी निघायचे, कधी त्र्यंबकला, कधी वणीच्या गडावर, तर कधी मनमाडला अनसूयाबाईंच्या बहिणीकडे. गडाच्या वळणांवर माझा जीव पिळवटून निघायचा आणि त्यातच मला आनंद व्हायचा.

“गाडी कशी रस्त्याला चिकटून चालते बघ!” उपेंद्र कौतुकानं म्हणायचे.

कौतुक गाडीचं व्हायचं. माझं नाव कुणी घेत नसे, कारण मी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी पट्ट्यांनी, बोल्टांनी पक्का जखडलेला होतो, अंगावर चिखल होता, तरीही मी सुखी होतो.

पुढे अनसूयाबाईंच्या पाठीचं दुखणं सुरू झालं. मणक्यातली चकती सरकली होती. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने त्या अंथरुणावर होत्या. उठून बसू लागल्या, तरी रिक्षाचा एक धक्का बसला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. शाळा बंद झाली. बहिणीकडे जाणं बंद झालं. घराच्या चार भिंती हेच त्यांचं जग झालं.

एकदा उपेंद्रांनी त्यांना उशांच्या आधारानं गाडीत बसवलं आणि शाळेपर्यंत न्यायचं ठरवलं. तोवर मला धरून ठेवणारे रबराचे तुकडे झिजून दगडासारखे कडक झाले होते. प्रत्येक खड्ड्याला मी खडखडत होतो आणि हिसका जसाच्या तसा वर पोहोचत होता. मुंबई नाक्याच्या अलीकडेच अनसूयाबाई म्हणाल्या, “अहो, परत फिरा. मला नाही सोसवत.”

त्याच दिवशी उपेंद्रांनी गाडी महेशच्या गॅरेजात आणली. महेश घराजवळच राहणारा, हसतमुख, चालत्या हाताचा कारागीर होता. तो गाडीखाली शिरला आणि त्यानं मला हलवून बघितलं.

“सर, खडखड याचीच आहे. बॅलन्स रॉडचे रबर गेलेत. इथं मिळत नाहीत, मुंबईहून मागवावे लागतील. आणि मागवायचे तरी कशाला? रॉडच काढून टाकू. शहरात काय गरज आहे त्याची? गाडी कशी मऊ होईल, मॅडमना बरं पडेल.”

“काही धोका?”

“वळताना जरा झुलेल. चाळीसच्या वर पळवू नका, मग काही नाही.”

उपेंद्रांनी मान डोलावली. पान्यांनी माझे बोल्ट सुटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या टोकांना चाकं लागेनाशी झाली. महेशनं मला पोत्यात गुंडाळलं आणि म्हणाला, “टाकू नका सर, राहू द्या डिकीत. कधी लागला तर असावा.”

डिकीचं झाकण बंद झालं.

मित्रांनो, जखडलेला असताना मी मोकळा होतो. आणि सगळे बोल्ट सुटले तेव्हा खरा कैदी झालो. बाजूला स्टेपनी, अंगावर पोतं, वर काळोख आणि पेट्रोलचा वास. पण याहून वाईट वेगळंच होतं. गाडी मला अजून जाणवत होती! वळण आलं की ती कलायची, आणि माझं सगळं अंग सवयीनं पिळायला आसुसायचं. पण धरायला हाताशी काही नव्हतं. मी नुसता एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घरंगळायचो. ज्या गाडीला सावरायला मी जन्मलो, तिच्याच पोटात मी सामान होऊन पडलो होतो.

तरीही खोटं कशाला सांगू? मला काढल्यावर अनसूयाबाई शाळेत जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी खड्डा गेला, गाडी अलगद खालीवर झाली आणि पुढच्या सीटवरून त्यांचा आवाज आला, “अहो, पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय!” त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी मी ते हसू ऐकलं. माझ्या जाण्यानं कुणी हसतंय, याचा आनंद मानावा की दुःख, ते मला कळेना. पावसाळ्यात डिकीत पाणी झिरपलं आणि माझ्या पाठीवर गंज चढला. मी पोत्यात आहे हेही घरातले हळूहळू विसरले.

अशी चार वर्षं गेली. तेजश्री गाडी शिकली. बाबांसारखीच ती शहरातून हळू चालवायची, पण ते हळू कशासाठी, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी मनमाडहून फोन आला. अनसूयाबाईंची बहीण प्रतिभा हिला रेल्वेच्या दवाखान्यात दाखल केलं होतं. उपेंद्र कामासाठी पुण्याला गेले होते.

“आई, एसटीनं तुला जमणार नाही. मी नेते तुला,” तेजश्री म्हणाली.

“हायवेला तू कधी चालवलेली नाहीस, तेजू.”

“हळू नेईन ना. मावशीला भेटायचंय की नाही?”

गाडी निघाली. द्वारका मागे पडलं, आडगाव गेलं, ओझर गेलं. रस्ता मोकळा होता आणि मनात मावशीची काळजी होती. इंजिनाचा आवाज वाढत गेला. चाळीसची गोष्ट केव्हाच मागे राहिली. मी पोत्यात थरथरत होतो. मला ओरडून सांगायचं होतं, पोरी, आज मी जागेवर नाही गं! पण लोखंडाला आवाज कुठला?

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो पुढे चालला होता. तो अचानक थांबला. तेजश्रीनं गाडी उजवीकडे काढली. समोरून ट्रक आला. तिनं तशीच डावीकडे घातली. पहिल्या वळणाला गाडी एका बाजूला झोपली, दुसऱ्या वळणाला त्याच्या दुप्पट दुसऱ्या बाजूला. मी डिकीच्या पत्र्यावर आपटलो. चाकं रस्ता सोडून उताराला लागली, उजवी बाजू मोरीच्या दगडी कठड्याला घासली आणि गाडी रस्त्याकडेच्या पाटाच्या चारीत जाऊन रुतली.

धक्क्यानं डिकी उघडली. चार वर्षांनी माझ्या तोंडावर ऊन आलं, पण त्या उन्हाचा आनंद घ्यायची ती वेळ नव्हती.

“आई! आई, बोल ना!”

“मी आहे... पाय हलत नाहीत गं. सीट पुढे सरकलीय.”

गाडीची डावी बाजू मातीच्या बांधाला टेकली होती. उजवी दारं चेपून अडकली होती. तेजश्री फुटलेल्या काचेतून कशीबशी बाहेर आली. तिच्या कपाळातून रक्त येत होतं. शेजारच्या वावरात टोमॅटो तोडणारी माणसं धावत आली. पुढे रंगूबाई होती, पन्नाशीची, डोक्याला फडकं बांधलेली, आणि मागे तिचा नवरा गोटीराम.

तेजश्री काचेतून आत हात घालून आईला ओढू लागली. रंगूबाईनं तिचा हात घट्ट धरला.

“आगं वढू नको तिला! दुखापत कुठं हाय ते तरी इचार.”

“तिच्या पाठीचं ऑपरेशन झालंय हो, काकू!”

“मंग तर आजिबात नाय. दार उघडू, आडवी झोपवूनच काढू. आवो, पहार आना कुनी!”

“पहार घरी हाय,” गोटीराम म्हणाला. त्यानं नाकानं हुंगलं आणि त्याचा चेहरा बदलला. “पेट्रोल गळतंय. लय येळ नाय आपल्याकडं.”

तो गाडीला वळसा घालून मागे आला. उघड्या डिकीत त्याला पोत्यातून बाहेर आलेलं माझं टोक दिसलं. त्यानं मला खसकन ओढलं.

“ह्यो बघा, दांडा हाय!”

माझं एक टोक दाराच्या फटीत घातलं. दुसऱ्या टोकाला गोटीराम आणि अजून तिघं लोंबकळले. मित्रांनो, मला पिळण्याची सवय होती, पण असं कधी कुणी वाकवलं नव्हतं. माझ्या अंगातला हट्ट म्हणत होता, मागे ये, होतास तसा हो. पण मागे आलो असतो तर दार उघडलं नसतं. मी सगळा जोर त्या दारावर लावला. पत्रा करकरला. माझ्या वळलेल्या कोपऱ्यात काहीतरी कायमचं सरकल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी दार निखळलं.

रंगूबाईनं वस्तीवरून बाज आणवली होती. सीट मागे सारून, चौघांनी एका दमात अनसूयाबाईंना आडवं उचललं आणि बाजेवर ठेवलं. रंगूबाई त्यांच्या डोक्याशी बसून पदरानं वारा घालत राहिली. “घाबरू नको बाई. लेक हाय तुझी, धडधाकट हाय.” टेम्पोवाल्यानं क्रेट उतरवले आणि त्यांना पिंपळगावच्या दवाखान्यात पोहोचवलं.

गाडी महेशच्या गॅरेजात ओढून आणली, आणि तिच्याबरोबर मीही. उपेंद्र आले तेव्हा महेशची नजर वर होत नव्हती. “सर, मीच म्हणालो होतो, शहरात रॉडची गरज नाही म्हणून.”

“आणि मी रबर मागवायचा कंटाळा केला,” उपेंद्र म्हणाले.

अनसूयाबाईंच्या पायांत पुन्हा जीव आला. तिकडे मनमाडला प्रतिभाही बरी होऊन घरी गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की, त्यांना खेचून काढलं असतं तर कठीण होतं. काठी टेकत त्या एका दुपारी गॅरेजात आल्या. बरोबर तेजश्री होती. अपघातानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. दुरुस्त झालेल्या गाडीकडे तिनं मान वर करून पाहिलंही नाही.

“महेश, यांनी सगळं सांगितलंय मला. तो दांडा परत बसव,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“मॅडम, तुम्हाला धक्के बसतील.”

“बसू देत. हळू जाऊ, उशी घेऊ. मी चार वर्षं आरामात बसले आणि माझी पोर त्या गाडीला एकटी सावरत होती. मला थोडं दुखलं तरी चालेल. तिच्या हातात गाडी सरळ पाहिजे.”

महेशनं मला उचललं, गाडीखाली धरून पाहिलं. चार वर्षं मी याच क्षणाची वाट पाहिली होती! एक टोक नेमकं जागेवर गेलं. दुसरं वीतभर बाहेर राहिलं. महेशनं पुन्हा लावून पाहिलं, मग हळूच मला जमिनीवर ठेवलं.

“नाही बसणार, मॅडम. दार उघडताना वाकला तो. आता सरळ केला तरी त्याच्यात जोर राहणार नाही.”

मुंबईहून नवा रॉड आला, नवे काळेभोर रबर आले. माझ्या जागेवर तो जखडला गेला ते मी फरशीवर पडून पाहिलं. मग अनसूयाबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी किल्ली तेजश्रीपुढे धरली.

“आई, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. चल.”

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. ती कलली नाही. पुढच्याच खड्ड्यात एक हिसका बसला, अनसूयाबाईंनी एका हातानं दार घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं लेकीला खूण केली, पुढे चल.

आता मी महेशच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. संध्याकाळी शटर खाली येतं आणि पुन्हा अंधार होतो. मी आता कुठल्याच गाडीचा नाही. तरी रस्त्यावरून एखादी मोटार वळताना ऐकली की माझं अंग अजून पिळायला बघतं.

मित्रांनो, कुणी तुमच्या घरात फार खडखडाट करत असेल, तर त्याला लगेच काढून टाकू नका. त्याच्या आजूबाजूचं काय झिजलंय ते आधी वाकून बघा. आणि काढावंच लागलं, तर तो काय धरून उभा होता ते घरातल्या सगळ्यांना नीट सांगा. उद्या गाडी चालवणाऱ्याला ते माहीत असायला हवं.