बारा गाड्यांतली पहिली

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे. जयराम सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं आणि लासलगावजवळच्या खेड्यातल्या कुसाबाईंनी मला घरी आणलं. कांद्याच्या गोण्या भरून मी बाजारात जायचे. चढावर बैल दमले की कुसाबाई खाली उतरून स्वतः चाकाला हात लावायच्या. ते माझे सुखाचे दिवस.

आमच्या गावात खंडोबाच्या यात्रेला बारा गाड्या ओढत. बैल सोडून गाड्या एकमेकींना साखळीने बांधायच्या, त्यांवर माणसं चढायची आणि कमरेला दोर बांधून भगताने त्या देवळापर्यंत ओढायच्या. पहिली गाडी मी. भगत होता पुंजा, साधा शेतमजूर. ओढण्याआधी तो माझ्या दांडीवर डोकं टेकवायचा. देवावर त्याची माया होती आणि देवाचा धाकही होता.

एकोणऐंशी साली यात्रा गावपुढारी कोंडाजीच्या हाती गेली. त्याने भली मोठी कमान उभारून तिच्यावर स्वतःचं नाव रंगवलं. "शेजारच्या गावापेक्षा जास्त माणसं चढली पाहिजेत!" असं तो भोंग्यावरून ओरडू लागला. बघता बघता माझ्यावर एवढी माणसं चढली की माझा आस करकरू लागला.

कुसाबाई म्हणाल्या, "कोंडाजी, थोडी माणसं उतरवा. उताराला गाडी आवरायची नाय."

"देवाचं काम हाय, कुसाबाई! भाव असला की काय होत नाय," असं म्हणून तोही माझ्यावर चढला.

गाड्या हलल्या. उतार लागला. मागच्या अकरा गाड्या मला ढकलू लागल्या. मला थांबायचं होतं, पण गाडीला स्वतःहून थांबता येत नाही. इतक्यात गर्दीच्या रेट्याने म्हातारी लंकाबाई माझ्या डाव्या चाकापुढे पडली. उधळलेल्या भंडाऱ्यात ती पुढे ओढणाऱ्या पुंजाला दिसेना. मी मात्र तिच्याकडेच चालले होते. तशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही.

बाजूने चालणाऱ्या कुसाबाई किंचाळल्या, "पुंजा, थांब! म्हातारी पडली!"

"थांबू नको!" कोंडाजी वरून ओरडला. "गाड्या वाटेत थांबल्या तर देव कोपंल!"

पुंजा गर्रकन वळला. माझी दांडी छातीशी धरून त्याने सगळ्या अंगाने मला बाजूला रेटलं. त्याचे पाय मातीत घासत गेले. मी बांधावर आदळले, माझे आरे मोडले आणि मी थांबले. लंकाबाईच्या लुगड्याचा काठ माझ्या चाकाखाली होता. म्हातारी वाचली होती.

मग कोंडाजी म्हणाला, "यात्रा मोडलीस तू! आता गावाचं काय व्हईल?"

पुंजाने लंकाबाईला उठवून बसवलं. "देव कोपला तर माझ्यावर कोपू दे," तो म्हणाला. "पण ही मेली असती, तर त्याच्या पायरीवर कोणत्या पायानं चढलो असतो?"

महिन्याभरात गारपीट झाली. कांदा झोपला. गावाने पुंजाला दोष दिला, कोणी त्याला कामावर बोलावीना. तोही मनातून हादरला होता. रोज पहाटे देवळाबाहेरूनच हात जोडायचा आणि पुटपुटायचा, "चुकलो असंल तर सांग." आत जायचं धाडस त्याला होत नव्हतं.

पुढच्या यात्रेला कोंडाजीने दुसरा भगत नेमला. त्या दिवशी लंकाबाई काठी टेकत आली. कमानीखाली उभ्या कोंडाजीला मागे टाकून ती देवळाबाहेर उभ्या पुंजापाशी गेली आणि त्याचं मनगट धरून म्हणाली, "चल रे बाबा. मला देवाला जायचंय, अन् तुझ्याबिगर जायची नाय."

पायरीपाशी पुंजा अडखळला. ती थांबली नाही. दोघं आत गेली.

आता मी गोठ्यामागे पडून आहे. माझी दुरुस्ती झाली नाही, त्याचं दुःख नाही. मित्रांनो, एवढंच मागते: देवाच्या नावाने गाडी पुढे रेटण्याआधी चाकाखाली एकदा वाकून बघत जा.